तिसरा फग

बाबा, काल रविवार होता आणि मी नेहमीसारखा त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्याकडे म्हणजे कोणाकडे ते तुला सांगायला नको. ज्याचा बाप कायम ट्रकवर असायचा आणि जो शाळा सुटली की दप्तर घरी टाकून आपल्या ओट्यावर येऊन बसायचा, तो. तुझ्या चहाची रिकामी बशी आत नेऊन ठेवायचं काम माझं होतं, पण मी उठेपर्यंत त्याने ती उचललेली असायची, आणि तू म्हणायचास, "गुणाचा हाय पोर." आता तो साठीला आलाय, मीही आलोय. त्याचं घर खाडीच्या बांधाला लागून आहे, पुढे लांब पडवी आहे, आणि त्या पडवीत खुंटीला एक फग टांगलेला आहे. चिंबोऱ्या पकडायचा फग, तू विणलेला. लोखंडी कडं जुनंच आहे, गंजून काळं झालेलं. जाळं त्याने दोनतीनदा बदललं, पण कड्याभोवती तू मारलेल्या गाठी त्याने सोडलेल्या नाहीत. गेली कित्येक वर्षं मी दर रविवारी त्या फगाच्या बरोबर खाली बसतो. दुसऱ्या खुर्चीवर बसलं तरी चालतं, पण तिथून तो समोर दिसतो. खाली बसलं की निदान दिसत नाही.

आम्ही चौघे असतो. एक शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, एकाचे दोन टेम्पो आहेत, आणि आम्ही दोघे. चार वाजता चहा येतो, बरोबर बटर किंवा खारी. आधी साखर कोणाची किती वाढली ते होतं. मग रस्त्याचं. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या काशीदच्या किनाऱ्याकडे जायला निघतात आणि गावातल्या माणसाला दूध आणायला रस्ता ओलांडता येत नाही, हे टेम्पोवाला दर आठवड्याला नव्याने सांगतो आणि आम्ही दर आठवड्याला नव्याने चिडतो. मग कॅरमचा बोर्ड निघतो. मास्तर राणी घेताना फसवतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. आणि खेळता खेळता कोणीतरी लहानपणाचं काढतं. म्हाताऱ्या माणसांचं दुसरं काय असणार. मास्तर त्याच्या मामाच्या गावच्या, तळ्याच्या गोष्टी सांगतो, टेम्पोवाला त्याच्या आजीच्या शिव्या. आणि त्याची पाळी आली की तो तुझं सांगतो. स्वतःच्या बापाचं नाही. माझ्या बापाचं, माझ्यासमोर.

एवढं झालं तर चाललं असतं. पण तो सांगतो ते मला माहीत नसतं. तू मिठागरावरून येताना कधी शीळ घालायचास म्हणे. मी तुला शीळ घालताना ऐकलेलं नाही. तुला वाकटीची सुकी मासळी आवडायची नाही, पण आईला वाईट वाटू नये म्हणून तू खायचास म्हणे. हे तू त्याला सांगितलंस. माझ्या ताटात तर तू स्वतःच्या हाताने वाकटी वाढायचास. बाकीचे दोघे माझ्याकडे बघून हसतात, जणू मला हे सगळं ठाऊकच असणार. मीही हसतो. आतून मात्र जळत असतो, बाबा. या वयात, गुडघ्याला पट्टा बांधून, दोन गोळ्या खिशात ठेवून, मी एका म्हाताऱ्या माणसावर शेंबड्या पोरासारखा जळतो.

आणि मग त्याची ती चिंबोरीची गोष्ट. ती त्याने किती वेळा सांगितली असेल, तरी दर वेळी तो खुर्चीत पुढे सरकून सांगतो. दिवाळीची सुट्टी आहे. रविवार आहे. तुम्ही दोघे खाडीवर गेला आहात. फगांना माशांची डोकी बांधून ते पाण्यात सोडले आहेत आणि भरतीची वाट बघत तुम्ही बांधावर बसला आहात. त्याला दम नाही. बांधाच्या बुडाशी एक बीळ दिसतं, तिथपर्यंत पाणी आलेलं आहे, आणि तू नको म्हणायच्या आत तो बिळात हात घालतो. आतली चिंबोरी त्याचा अंगठा धरते. तो बोंबलतो, हात ओढायला बघतो, आणि तू उडी मारून चिखलात उतरतोस आणि त्याचं मनगट धरतोस. "वढू नको. वढलास तर अंगठा तिचा. हात पाण्यात ठेव नि गप बस. तिलाच कंटाळा आला की सोडंल." तुम्ही दोघे कमरेएवढ्या चिखलपाण्यात बसून राहता. पाणी चढत असतं. तो रडत असतो. त्याचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून तू त्याला सांगायला लागतोस की तू बारा वर्षांचा असताना घरातून पळाला होतास. मीठ भरलेल्या मचव्यात लपून थेट मुंबईच्या बंदराला. तिथे दोन दिवस हमालांच्या पोरांबरोबर राहिलास आणि तिसऱ्या दिवशी त्याच मचव्याने परत आलास, कारण तांदळाची भाकरी मिळेना. "कोनाला सांगू नको," म्हणालास. तेवढ्यात चिंबोरीने अंगठा सोडला. त्याच्या डाव्या अंगठ्यावर अजून तो वण आहे, नखाच्या खाली, अर्ध्या चंद्रासारखा. गोष्ट संपली की तो अंगठा सगळ्यांना दाखवतो.

कोणाला सांगू नको म्हणालास आणि सांगितलंस कोणाला, तर त्याला. मी तुझा मुलगा. तू पळून गेला होतास हे मला तू गेल्यावर सहा वर्षांनी, कॅरम खेळताना कळलं.

त्या दिवशी मी कुठे होतो, असं मास्तराने एकदा विचारलं होतं. मी म्हणालो, घरी असेन. खरं तर मला तो दिवस चांगला आठवतो, आणि त्याच्या आदला दिवस त्याहून चांगला. शनिवारी तू आम्हा दोघांना मिठागरावर घेऊन गेला होतास. हंगाम सुरू व्हायचा होता, तुमची वाफ्यांचे तळ तुडवायची कामं चालली होती. माणसं ओळीने उभी राहून अनवाणी पायांनी तोच चिखल पंधरा-पंधरा दिवस तुडवतात, तेव्हा कुठे तो फरशीसारखा घट्ट होतो आणि मीठ पांढरं येतं, हे मला माहीत होतं. मुकादमाचा मुलगा होतो मी. तरी मी धावत सुटलो आणि नव्या चपला घालून तयार वाफ्यात शिरलो. दिवाळीच्या चपला होत्या, काढवत नव्हत्या. मागे टाचांची भोकं पडत गेली. तू सगळ्या माणसांसमोर थांबवलंस. ओरडला नाहीस, ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू त्याला पुढे बोलावलंस आणि म्हणालास, "चाल रं तू. दाखव याला." आणि तो अनवाणी, सावकाश, पाय सपाट टाकत त्या वाफ्यावरून चालत गेला, आणि एकसुद्धा खूण उठली नाही. माणसं हसली. तू मला म्हणालास, "बघ. पाय हे असं टाकायचं असतात." मग भोकं बुजवायला तूच वाकलास.

मी घरी येऊन जेवलो नाही. आईने काय झालं विचारलं तर पोट दुखतं म्हणालो. आता हे लिहिताना वाटतं, एवढी काय मोठी गोष्ट होती. कोणीही बाप असंच करेल. पण मला त्या वाफ्यावरून चालणारे त्याचे पाय अजून दिसतात, बोटं पसरलेली, टाच न रुतणारी. माझे पाय तसे कधीच पडले नाहीत. मी पुढे पंचायतीत कारकून झालो, टेबलाखाली पाय ठेवून नोकरी केली. मिठागर तुझ्यानंतर दोन वर्षं त्याने सांभाळलं.

आता मी काय केलं ते सांगतो. ते सांगायलाच खरं तर बसलोय.

तुला नात आहे. तू गेलास त्यानंतर दोन वर्षांनी झाली. वाशीला ऑफिसात आहे, शनिवार-रविवार घरी येते. गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा तिनेच पसंत केलेला, म्हसळ्याकडचा. साखरपुड्याला आठ दिवस राहिले असताना त्याने नाही म्हणून कळवलं. कारण दिलं नाही. पोरगी वाळत गेली. सारखी त्याला फोन लावायची, मेसेज करायची, तो उचलायचा नाही, ही पुन्हा लावायची. तिच्या आईने समजावलं, मावशीने समजावलं. एकदा संध्याकाळी स्वयंपाकघरात ती फोन कानाला लावून उभी होती आणि गॅसवरचं दूध उतू जात होतं, तिला कळलंही नाही. मी गॅस बंद केला, तिला पाटावर बसवलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "मी दहा वर्षांचा असताना तुझ्या आजोबांबरोबर खाडीवर गेलो होतो."

सगळी गोष्ट सांगितली, बाबा. बीळ, चिंबोरी, चढतं पाणी, तुझी माझ्या मनगटावरची पकड. ओढू नको, हात पाण्यात ठेव. मचवा आणि तांदळाची भाकरीसुद्धा. मला वाटलं होतं मध्येच अडखळेन, पण छे. इतकी वर्षं ऐकून पाठ झालं होतं. सांगताना मला तुझा हात खरंच लागला, खरखरीत, मिठाने चिरा पडलेला. ती रडायची थांबली. मग म्हणाली, "कुठे चावली दाखव ना." माझ्या डाव्या अंगठ्यावर पत्र्याने कापल्याचा एक जुना वण आहे, बराच वर, सांध्यापाशी. तो दाखवला. तिने त्यावरून बोट फिरवलं. त्या दिवसानंतर तिने त्या मुलाला फोन केला नाही. महिनाभराने मला म्हणाली, "बाबा, सोडलं तिने." मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय.

मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. खरं सांगतो, मला जिंकल्यासारखं वाटलं. आता एका तरी माणसाच्या डोक्यात त्या चिखलात तुझ्या शेजारी मी बसलेला होतो.

काल ती म्हणाली, मी पण येते तुमच्या अड्ड्यावर, बघू तरी चार म्हातारे काय करतात. मी टाळायला बघितलं, पण तिला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. त्याच्या बायकोने तिच्यासाठी मुद्दाम घावणे केले होते. कॅरमला ती मास्तराची जोडीदार झाली आणि राणी घेताना त्याला फसवू दिलं नाही. सगळं छान चाललं होतं. मग टेम्पोवाल्याने विचारलं, लग्नाचं काय गं पोरी, आणि त्याला गप्प करायला मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "काका, माझं झालं ते सगळं मागे. आय ॲम फाइन. थँक्स टु आजोबा." आणि तिने सांगायला सुरुवात केली. "बाबा दहा वर्षांचे होते ना, तेव्हा आजोबा त्यांना खाडीवर घेऊन गेले होते."

मास्तराने सोंगटी मारायला उचललेलं बोट तसंच राहिलं. टेम्पोवाल्याने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. दोघांनी ही गोष्ट पन्नासदा ऐकलेली. मी बोर्डावरच्या पावडरकडे बघत होतो. वर फग होता, तो आता डोक्यात पडेल तर बरं, असं मला वाटत होतं. ती सांगत गेली, बीळ, मनगट, मचवा, आणि शेवटी म्हणाली, "बाबा, दाखव ना अंगठा." मी दाखवला नाही. मी त्याच्या हाताकडे बघितलं. तो समोर बसला होता, डावा हात बोर्डाच्या कडेवर. त्याने अंगठा हळूच आत घेतला आणि त्यावर चार बोटं मिटली.

"व्हय," तो म्हणाला. "मी काठावर व्हतो ना. मना आठवतं. लय रडला व्हता तुझा बाप."

ती हसली. सगळे हसले. मास्तराने सोंगटी मारली आणि ती भलतीकडेच गेली. त्यानंतर तासभर आम्ही बसलो होतो. तेवढ्या वेळात त्याने डावी मूठ उघडली नाही. घावणा एका हाताने तोडून खाल्ला. चहाचा कप उजव्या हाताने घेतला, उजव्या हाताने ठेवला. पोरगी त्याच्या शेजारीच बसली होती आणि तिला काही दिसलं नाही.

मला त्याचे उपकार वाटायला हवे होते, नाही का? मला त्याचा राग आला. किती सहज देऊन टाकलं. जन्मभर जपलेली गोष्ट, खुर्चीत पुढे सरकून सांगायची गोष्ट, एका वाक्यात माझ्या नावावर करून मोकळा झाला, आणि वर मला रडकाही ठरवून गेला. वाफ्यावरून चालला होता तसाच. कुठे खूण नाही. मला वाटलं, हे तुझं आहे, बाबा. हे देणं तुझ्याकडून आलंय, आणि तेही त्याच्याकडेच गेलं.

निघताना पोरगी स्कूटी काढायला पुढे गेली. तो मला फाटकापर्यंत सोडायला आला, आणि त्याच्या हातात खुंटीवरचा फग होता.

"ह्यो घेऊन जा," तो म्हणाला.

"कशाला? तुला दिलाय तो बाबांनी."

"मना न्हाय दिला." तो फाटकाची कडी काढत-घालत होता. "त्या दिवशी काका तीन फग घेऊन निघालं व्हतं. दोन मोठं नि ह्यो एक बारका, नवा, रात जागून विनलेला. ह्यो तुझा व्हता. तू आला न्हायस, तर बोलले, आज तू टाक, त्याचा राग गेला की न्हेऊन दे त्याला. मी न्हाय दिला. मना हवा व्हता. पुढं काका बोलले, दिलास का रं, तर व्हय बोललो. काका व्हते तवर लपवून ठेवला, ते गेल्यावर खुंटीला लावला." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "इतकी वरसं तू त्याच्या खाली बसतंस. मना वाटायचं, आज इचारशील, आज इचारशील."

मी फग हातात घेतला. कडं खरंच लहान आहे, बाबा, दहा वर्षांच्या पोराच्या हाताला झेपेल एवढं. इतकी वर्षं बघून माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. म्हणजे त्याने तुला खोटं सांगितलं, आणि तू समजलास की फग मला मिळाला आणि मी तो कधी वापरला नाही. तुला काय वाटलं असेल? या विचाराने कालपासून झोप नाही. पण त्यालाच बोल लावत बसावं, तर माझ्या अंगठ्यावरचा वण पत्र्याचा आहे.

"तू त्या दिवशी आला का न्हायस?" त्याने विचारलं.

"झोपलो होतो," मी म्हणालो.

फग आता आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला टांगलाय. पोरीने विचारलं, "हाच का तो?" आणि मी म्हणालो, "हाच." तिला खरं सांगायचं की नाही, मला कळत नाही. सांगितलं तर चिंबोरीची गोष्ट तिच्या हातून जाईल. नाही सांगितलं तर त्याला आता रविवारी मूठ मिटून बसावं लागेल. आज सकाळी मी फगाच्या गाठी मोजल्या नाहीत की पुसल्या नाहीत, नुसता हात लावून बघितला. आणि हेवा गेला म्हणावं, तर तसंही नाही. फग माझ्याकडे आला, वण त्याच्याकडेच राहिला. तुझा हात त्याच्या मनगटावर होता, ते त्याला मला देता येणार नाही, कितीही वाटलं तरी.

हे पत्र कुठे टाकायचं ते ठाऊक नाही. पंचायतीच्या जुन्या कागदांवर लिहिलंय, पाठकोऱ्या. पोरीच्या हाती लागू नये म्हणून पितळी डब्यात तांदळाच्या खाली ठेवीन. त्याआधी एक गोष्ट राहिलीय, ती त्याला सांगता आली नाही, तुला सांगतो.

मी झोपलो नव्हतो. माळ्यावर होतो, भाताच्या पोत्यांच्या मागे. फळ्यांच्या फटीतून मला तुझं डोकं दिसत होतं आणि खांद्यावरची दोरी. तू हाक मारलीस, "येतंस काय रं?" मग थोडं थांबून पुन्हा मारलीस, हळू. दोन्ही वेळा मला ऐकू आली. मी तिसरीची वाट बघत होतो.